माणूस लिहू की माकड?

“देवी सरस्वती खिन्न मुद्रेने वीणा घेऊन बसली आहे. तिच्या मागे हनुमानाने लंका पेटवली आहे. उजवीकडे रावण उभा आहे. त्याचं एकच डोकं दाखवलं आहे.”

स्पीकरमधून हे शब्द आले, अर्थात इंग्रजीत, आणि रीडिंग रूममध्ये शांतता पसरली. लायब्ररीत शांतता असतेच, पण ही वेगळी होती. लायब्ररीच्या डायरेक्टर मेरिडिथबाईंनी आधी स्क्रीनवरच्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोलीत भारतीय मी एकटीच, त्यामुळे खुलासा माझ्याकडूनच अपेक्षित होता.

“यूजे,” त्या म्हणाल्या, “हे चित्र आयर्लंडबद्दलचं आहे ना?”

“आहे.”

“मग ही मंडळी कोण?”

माझं नाव उज्ज्वला. इथे ते कुणाच्या जिभेला झेपत नाही, म्हणून ऑफिसात मी यूजे. आमची कंपनी ऍक्सेसिबिलिटीचं काम करते. म्हणजे काय, तर ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, अशा लोकांना वेबसाइट वापरता यावी अशी व्यवस्था करते. त्यांच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर असतं. ते पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं. चित्र मात्र त्याला वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक चित्रामागे त्याचं वर्णन शब्दांत लिहून ठेवावं लागतं. त्याला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ते लिहिणारी टीम पुण्यात आहे आणि तपासणारी मी, अमेरिकेतल्या श्रूजबरीत. तपासण्याला आमच्यात क्यूए म्हणतात. मी जन्मजात क्यूए आहे. माझ्या नवऱ्याला विचारा.

या कामाचा पहिला नियम असा की दिसतं ते लिहा, समजलं ते लिहू नका. ‘बाई रडते आहे’ असं लिहायचं. ‘बाईला सासूनं छळलंय’ असं लिहायचं नाही. सरस्वती, हनुमान आणि एकडोक्या रावणानं हा नियम एका दमात तीनदा मोडला होता. मुळात ते वर्णन माझ्याकडून तपासून झालेलंच नव्हतं. आमचा मॅनेजर टॉड याला दम निघत नाही. पुण्याहून कच्चा ड्राफ्ट आला, तसा त्यानं तो क्लायंटच्या डेमोसाठी चढवला. आता तो माझ्या शेजारी बसून, चित्रात नवीन काही सापडतंय का, ते बघत होता.

“गुरुवारी मिस्टर फिनर्टी येतायत,” मेरिडिथ म्हणाल्या. “त्यांना हे ऐकवायचं?”

फिनर्टी म्हणजे या सगळ्या चित्रांचे मालक. आयरिश वंशाचे, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले. वडिलांनी जमवायला घेतलेली जुनी राजकीय व्यंगचित्रं त्यांनी जन्मभर वाढवली होती. दीडेकशे वर्षांपूर्वीच्या लंडनच्या विनोदी साप्ताहिकांतली पानं, डब्लिनच्या वर्तमानपत्रांतली पानं, काही अमेरिकेतलीही. वर्गात ते चित्रं दाखवूनच इतिहास शिकवायचे. आता त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. “तुमचे कान छान दिसतात,” ते समोरच्याला सांगत, “चेहऱ्याचं तुम्हीच बघून घ्या.”

संग्रह लायब्ररीला द्यायला ते तयार होते, पण एका अटीवर. आधी मला तो ऐकवा. माझी चित्रं मला पुन्हा दिसली तर सही करीन, नाहीतर खोकी घरी नेईन आणि पलंगाखाली ठेवीन. सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे आयरिश लोकांच्या मोठ्या सणाला, प्रदर्शनाचं उद्घाटन होतं आणि आमंत्रणं गेली होती. लायब्ररीची अब्रू आणि आमचं कॉन्ट्रॅक्ट दोन्ही टांगणीला होतं. त्या म्हाताऱ्याला मात्र डोळे पुरते जायच्या आत आपली चित्रं एकदा बघायची होती, बाकी काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला फोन लावला. तिथे संध्याकाळ होती. वर्णन लिहिलं होतं तेजश्रीनं. ती एमए झालेली, हुशार मुलगी आहे, पण हुशार माणसांचा रोग तिलाही आहे. ती थांबून विचारत नाही.

“अगं, सरस्वती कुठून आली?”

“ताई, हातात वीणा नाहीये का?”

“ती हार्प आहे. आयर्लंडचं चिन्ह. त्यांच्या नाण्यांवर असते. ती बाई म्हणजे आयर्लंड देश, आपल्या भारतमातेसारखी.”

“मग निम्मं बरोबर आलं की.”

“आणि हनुमान?”

“ताई, तोंड माकडाचं आहे. हातात पेटती मशाल आहे. मागं घरं जळतायत. शिवाय शेपूट आहे. अजून काय पाहिजे?”

मी चित्र झूम केलं. “तेजश्री, ती कोटाची शेपूट आहे. टेलकोट म्हणतात त्याला.”

“अच्छा.”

“आणि हनुमानाच्या टोपीत चिलमीसारखा पाईप खोचलेला बघून तुला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं होतं ना. म्हटलं, आर्टिस्ट ब्रिटिश असेल.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण इतकी शब्दशः खरी होताना मी पाहिली नव्हती. रावणाचं काय, हे विचारायचंच बाकी होतं.

“ताई, जमिनीवर कागद पडलाय बघा. त्यावर ‘होम रूल’ लिहिलंय. होमरूल म्हटलं की आपलंच ना? शाळेच्या इतिहासात नव्हतं का? म्हणजे आपल्या स्वातंत्र्यचळवळीतलं चित्र. मग तो जाड्या, वास्कीटवाला, बुलडॉगवाला म्हणजे इंग्रज. इंग्रज म्हणजे रावण. डायरेक्ट.”

तिच्या तर्कात एकही भोक नव्हतं. फक्त खंड चुकला होता.

मी तिला समजावलं. होमरूलची मागणी आधी आयरिश लोकांनी केली. आमच्या घरात आमचा कारभार, एवढंच त्यांचं म्हणणं. आपण शब्द त्यांच्याकडून उचलला. हे चित्र मात्र त्या मागणीच्या बाजूचं नाही, विरोधातलं आहे. लंडनच्या चित्रकाराला म्हणायचंय की आयरिश लोकांना राज्य देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. अगदी आपली म्हण काढून ठेवलीय त्यानं.

“थांबा ताई. म्हणजे ते माकड नाहीये?”

“नाही. आयरिश माणूस आहे तो.”

“मग असा का काढलाय?”

“काढणाऱ्याला तो तसाच दिसायला हवा होता, म्हणून.”

मग तिनं कामाचा प्रश्न विचारला. “मग मी काय लिहू? माणूस लिहू की माकड?”

मी विचारून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

ज्यांना विचारायचं ते दोघे दुपारच्या कॉलवर होते. टॉडनं ‘माकड’ शब्द ऐकला आणि कानाला हात लावला.

“आयरिश डोनरसमोर? यूजे, आर यू सीरियस?”

“चित्रात आहे, टॉड.”

“चित्रात असेल. आपल्या तोंडी नको.”

मेरिडिथनं मार्ग सुचवला. “‘ठळक जबड्याचा माणूस’ म्हणू या.” टॉडला ते पटलं, पण नंतर त्याला वाटलं की कुणाच्या जबड्यावर बोलणं बरं नव्हे. जबडा गेला. ‘माणूस’ म्हटलं की स्त्री-पुरुष आलं, म्हणून ‘व्यक्ती’ झाली. पेटत्या मशालीनं एक समाज हिंसक आहे असं सूचित होत होतं, म्हणून मशालीची ‘प्रकाश देणारी वस्तू’ झाली. जळणारी घरं ‘पार्श्वभूमी’त गेली. शेवटी राहिलं ते असं: “एक व्यक्ती वाद्य घेऊन बसली आहे. दुसऱ्या व्यक्तीच्या हातात प्रकाश देणारी वस्तू आहे. तिसरी व्यक्ती उभी आहे. सोबत कुत्रा आहे.” कुत्र्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता.

मला राहवलं नाही. “डोळस माणसाचा या चित्रासमोर एका नजरेत अपमान होतो. मग आंधळ्या माणसाचाही तेवढाच व्हायला हवा. आपण पैसे त्यासाठीच घेतो.”

“हे वाक्य,” टॉड म्हणाला, “क्लायंटसमोर पुन्हा म्हणू नकोस.” क्लायंट कॉलवर होती आणि खोकत होती. बहुमत दोन विरुद्ध एक. सगळी वर्णनं तशीच धुऊन-पुसून काढायचा हुकूम झाला. मी तेजश्रीला कळवलं. तिनं ‘ओके ताई’ म्हणून उदास चेहऱ्याचा इमोजी पाठवला.

गुरुवारी फिनर्टी आले. उंच, वाकलेले, हिरवा टाय, बुटांना रस्त्यावरचा वितळता बर्फ. मान तिरकी करून त्यांनी प्रत्येकाला कडेनं न्याहाळलं आणि माझ्याशी हात मिळवताना माझ्या कानातल्या कुड्यांचं कौतुक केलं. मग स्पीकरसमोरच्या खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि शाळेतली मुलं परीक्षेच्या निकालाला बसतात तसे ताठ झाले. हा माणूस किती दिवस या सकाळची वाट बघत असेल, ते त्यांच्या बसण्यातच कळत होतं.

मेरिडिथनं पहिलं चित्र लावलं. व्यक्ती, वाद्य, वस्तू, कुत्रा.

“पुन्हा लावा,” ते म्हणाले.

पुन्हा लावलं.

“वीज गेली होती का यांच्याकडे?”

कुणी हसलं नाही. त्यांनी दुसरं चित्र मागितलं. ते डब्लिनच्या वर्तमानपत्रातलं होतं. भांडण तेच, पण काढणारा आयरिश. त्यात आयरिश माणूस रुबाबदार, सरळ नाकाचा, नाटकातल्या नायकासारखा. जाडा इंग्रज सुळे दाखवत दुसऱ्याच्या ताटातलं ओरपतोय. आमच्या वर्णनात मात्र दोन व्यक्ती होत्या आणि एकीजवळ अन्न होतं.

फिनर्टींनी हात वर केला. मेरिडिथनं आवाज बंद केला.

“ही दोन्ही चित्रं मी वर्गात शेजारी शेजारी लावायचो,” ते हळू बोलले. “पहिल्यात आम्ही माकड. दुसऱ्यात तो राक्षस. मुलांना विचारायचो, कोण खरं बोलतंय? मुलं भांडायची. मग मी सांगायचो की या चित्रावरून आयरिश माणूस कसा होता ते कळत नाही. लंडनमधला माणूस सकाळी चहा पिताना कशाला घाबरत होता, ते कळतं.” ते थांबले. “आता तुमच्याकडे दोन्हीकडे व्यक्ती. सगळ्या सारख्या. भांडायला जागाच नाही.”

“आम्हाला तुमचा अपमान करायचा नव्हता,” मेरिडिथ म्हणाल्या.

“बाई, अपमान माझाच आहे. वडिलोपार्जित आहे. तो का काढून घेता?” त्यांनी टोपी उचलली. “मला वाटलं होतं, आज दिसेल.”

ते शेवटचं वाक्य मला लागलं. राग आला, टॉडचा आला, मेरिडिथचा आला आणि बहुमताचाही आला. ते खुर्चीतून उठायला लागले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “मिस्टर फिनर्टी, आमच्याकडे पहिला ड्राफ्ट आहे. ऐकता का? चुकीचा आहे.”

टॉडनं टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला.

“किती चुकीचा?” फिनर्टींनी विचारलं.

“एका खंडाइतका.”

ते पुन्हा बसले. “लावा.”

सरस्वती आली, लंका पेटली, रावण उभा राहिला. एकच डोकं दाखवलं आहे, या वाक्याला फिनर्टींच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. इतके हसले की मेरिडिथ पाणी घेऊन आल्या.

“हा हनुमान कोण?” डोळे पुसत त्यांनी विचारलं.

“आमचा देव. वानर आहे. बलवान, बुद्धिमान, शब्दाला पक्का. शनिवारी लोक त्याला तेल वाहतात.”

“म्हणजे तुमच्या पुण्यातल्या मुलीनं हा चेहरा बघितला आणि तिला देव आठवला?”

“हो.”

“लंडनच्या त्या गृहस्थाला हे कळलं असतं, तर त्यानं पेन्सिल मोडून टाकली असती.” ते खूश होऊन मागे रेलले. “आणि तो जाड्या?”

“रावण. दहा तोंडांचा राक्षस. दुसऱ्याची बायको पळवून आणून स्वतःच्या बागेत बसवणारा.”

“हा तर मला ओळखीचा वाटतोय. बाकीची नऊ तोंडं पार्लमेंटमध्ये असतील.”

होमरूलच्या कागदावरून तेजश्रीचा घोटाळा कसा झाला, तेही मी सांगितलं. तो शब्द भारतात शाळेच्या पुस्तकात असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. “आमचाच शब्द तुमच्याकडे गेला आणि तिथून परत येऊन आमच्याच चित्राला चिकटला?” ते म्हणाले. “शत्रूनं काढलेलं चित्र तिनं एका फटक्यात आमच्या बाजूचं करून टाकलं. असं काही तर माझ्या वर्गातही झालं नाही.” मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. “पण हे माझं चित्र नाही. माझं चित्र लावा. लावता येईल?”

मी तेजश्रीला फोन लावून स्पीकरवर घेतलं. ती घरी पोहोचली होती आणि मागे कुकरची शिट्टी झाली. मी इंग्रजीतून तिची ओळख करून दिली. ती घाबरून म्हणाली, “सॉरी सर, कोटाची टेल मला शेपूट वाटली.”

“ते राहू दे. तुझ्यासमोर चित्र आहे? टोपीत पाईप दिसतोय?”

“हो सर. पट्टीत खोचलाय. टोपी चेपलेली आहे.”

“वरचा ओठ?”

“लांब आहे सर. म्हणजे... थोडा... माकडासारखा.” टॉडनं श्वास रोखला.

“‘सारखा’ कशाला? नीट बघ. त्याला काय काढलंय?”

“माकड.”

“कोणी काढलंय?”

“चित्रकारानं.”

“मग तसं लिही. ज्यानं केलं त्याला वाक्यातून पळू देऊ नकोस.”

मला आमच्या मराठी शाळेतल्या बाई आठवल्या. कर्ता कुठे गेला, असं विचारत त्या फळ्यावर खडू आपटायच्या. क्यूएची खोड मात्र गप्प बसेना. मी म्हटलं, “पण सर, आमचा नियम आहे, दिसतं तेच लिहायचं. चित्रकार चित्रात दिसत नाही.”

“दिसतो,” फिनर्टी म्हणाले. “खाली डाव्या कोपऱ्यात बघा, कुत्र्याच्या पलीकडे.”

मी झूम केलं. गवताच्या काड्यांत चित्रकाराची बारीक सही होती. त्यांच्या नजरेत आता मधलं काहीच उरलं नव्हतं, पण तो कोपरा त्यांना पाठ होता. नियमाप्रमाणे सगळं रीतसर झालं. मी तिथेच टाइप केलं आणि स्क्रीन रीडरला वाचायला लावलं:

“लंडनच्या चित्रकाराने आयरिश माणसाला माकडाचं तोंड दिलं आहे. अंगात फाटका टेलकोट, चेपलेल्या टोपीत पाईप, हातात पेटती मशाल. मागे घरं जळत आहेत. पायाशी ‘होम रूल’ लिहिलेला कागद. आयर्लंड ही तरुण बाई हार्प छातीशी धरून अंग चोरून बसली आहे. इंग्लंड हा ढेरपोट्या गृहस्थ बुलडॉग घेऊन, तिचा मालक असल्यासारखा उभा आहे. कोपऱ्यात चित्रकाराची सही.”

‘मालक असल्यासारखा’ हे दिसतं की समजतं, यावर एरवी मी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी नाही घातला.

फिनर्टींनी मान तिरकी केली, जणू चित्र भिंतीवर लावलेलं आहे आणि ते कडेनं बघतायत. “हां,” ते म्हणाले. “आला. तोच तो माकडतोंड्या. किती दिवसांनी.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, आणि ते मी पुसलं नाही. स्पीकरमधून तेजश्रीनं विचारलं, “ताई, बरोबर आलं का?” मी म्हटलं, आलं.

सही करताना जागा कुठे आहे ते त्यांना बोटानं दाखवावं लागलं. त्यांनी आणखी एक अट घातली, की लंकेचा ड्राफ्ट पुसायचा नाही. उद्घाटनाच्या दिवशी त्या चित्राखाली दोन बटणं होती, एक वर्णनाचं आणि एक ‘पुण्याहून पाहिलेलं’ या नावाचं. दुसऱ्यासमोर रांग होती. रावणाच्या डोक्याशी पोचले की लोक हसायचे आणि मग पहिलं बटण दाबून गंभीर व्हायचे. टॉड हल्ली कॉन्फरन्समध्ये ही दोन बटणांची आयडिया सांगतो. कर्ता कोण, ते सांगत नाही.

मी टीमच्या नियमांत एक ओळ घातली. चित्रात शिवी असेल तर शिवी लिहा, आणि कोणी दिली तेही लिहा. टॉडनं ती ‘हानिकारक आशयाचं संदर्भासहित वर्णन’ अशी करून मंजूर केली.

तेजश्री आता थांबून विचारते. जरा जास्तच विचारते. परवा तिचा मेसेज आला: “ताई, पुढच्या चित्रात आयरिश झोपडी आहे आणि आत चुलीपाशी डुक्कर बसलंय. ते डुक्करच आहे, की आयरिश माणसाला डुक्कर काढलंय?”

मी चित्र झूम केलं. खात्री होईना. शेवटी फिनर्टींना फोन लावून विचारलं.

“ते डुक्करच आहे,” ते म्हणाले. “त्या अख्ख्या घरात चित्रकारानं सभ्य चेहरा दिलेलं एकटं तेच.”

मी ‘डुक्कर’ अप्रूव्ह केलं.